गुळगुळीत की खडबडीत? लिफ्ट आणि ड्रॅग घरी मोजताना क्रम चुकू नये म्हणून

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या दादरच्या चाळीत पोरं विज्ञान प्रदर्शनाचे प्रकल्प घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. त्यातला एक दरवर्षी ठरलेला. टेबल फॅनसमोर टांगलेले दोन चेंडू, एक गुळगुळीत आणि एक गोल्फचा खळगेदार. खाली स्वयंपाकघरातला वजनकाटा. तक्त्यावर मात्र निष्कर्ष आधीच रंगवून तयार: 'खळग्यांमुळे ड्रॅग निम्मा होतो.' (ड्रॅग म्हणजे हवेचं वस्तूला मागे ओढणारं बळ, लिफ्ट म्हणजे वर उचलणारं.)

वाक्य खरं आहे, पण त्या फॅनसमोर खरं नाही. मोजमाप प्रामाणिक असेल तर दोन्ही चेंडू जवळजवळ सारखेच येतात. मग पोरं घाबरतात आणि आकडे 'सुधारतात'. चूक पोरांची नसते, क्रमाची असते. आधी सामान येतं, मग प्रयोग होतो, आणि हिशेब सगळ्यात शेवटी. खालचा क्रम त्याच्या उलटा आहे. पूर्ण काम तीन रविवारांचं आहे. प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारी हे वाचत असाल तर पहिला टप्पा तेवढा करा आणि तक्त्यावरचं वाक्य बदला.

टप्पा १: पुठ्ठा कापण्याआधी एक गुणाकार

हवा कुठल्याही वस्तूवरून जाताना पृष्ठभागालगतचा पातळ थर मंदावतो. वस्तूच्या मागच्या उतारावर हा मंद थर दमतो आणि पृष्ठभाग सोडून देतो. तिथून मागे भोवऱ्यांची रुंद शेपटी तयार होते, त्या भागात दाब कमी राहतो आणि वस्तू मागे ओढली जाते. चेंडूचा बहुतेक ड्रॅग हाच. पृष्ठभाग खडबडीत असेल तर थर ढवळला जातो, वरची वेगवान हवा खाली येते, थराला पुन्हा जोर मिळतो आणि तो उशिरा सुटतो. शेपटी अरुंद होते, ड्रॅग घटतो.

पण थर ढवळायला वेग आणि आकार पुरेसा लागतो. तो पुरेसा आहे का, हे रेनॉल्ड्स अंक सांगतो. मुंबईच्या तीसेक अंश तापमानाला सोपं सूत्र असं:

वेग (मीटर प्रति सेकंद) × आकार (सेंटिमीटर) × ६२५

चेंडूसाठी आकार म्हणजे व्यास. पंखासाठी पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी. आता आकडे घाला.

गोल्फचा चेंडू ४.२७ सेंमी, फॅनचा वारा ४ मीटर प्रति सेकंद: साधारण १०,७००. खळग्यांचा फायदा सुरू होतो ४०,००० ते ५०,०००च्या आसपास, म्हणजे वारा ताशी साठ किलोमीटरच्या घरात हवा. गुळगुळीत चेंडूचा ड्रॅग असा कोसळायला तर अंक तीन लाखांच्या आसपास जावा लागतो.

क्रिकेटचा चेंडू फॅनसमोर: १८,०००. शिवाजी पार्कवर कोणी तो ३० मीटर प्रति सेकंदाने टाकतो तेव्हा: १,३५,०००. म्हणून 'फॅनसमोर स्विंग दाखवतो' म्हणणाऱ्या मुलाला मी चहा पाजतो आणि मैदानावर पाठवतो.

इशारा: 'मग मोठा चेंडू घेऊ' हा पुढचा विचार मनात येईलच. १५ सेंमीचा चेंडू घेतला तर अंक वाढतो खरा, पण हा प्रयोग ज्यात करायचा त्या ३० × ३० सेंमीच्या बोगद्याचा (पंख्याने वारा ओढणारी पुठ्ठ्याची लांब पेटी, टप्पा ४) पाचवा भाग तो एकटाच अडवतो. मग हवा कडेने दाबून वेगात जाते आणि मोजमाप बिघडतं. वस्तूने समोरून बोगद्याच्या ५ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त जागा अडवू नये.

टप्पा २: चेंडू सोडा, पंख घ्या

घरगुती वेगात पृष्ठभागाचा परिणाम दिसण्याची सर्वात चांगली शक्यता जाड, फुगीर पंखात असते. १२ सेंमी रुंदीचा पंख, ४.५ मीटरचा वारा: ३३,७५०. या पट्ट्यात गुळगुळीत पंखाच्या वरच्या बाजूचा थर लवकर सुटतो, आणि पुढच्या कडेजवळ चिकटवलेला एक दोरा त्याला धरून ठेवू शकतो. इंजिन नसलेली छोटी मॉडेल विमानं उडवणारे लोक हा दोरा मुद्दाम लावतात. शिवाय पंखावर लिफ्ट आणि ड्रॅग दोन्ही मोजता येतात.

बळ किती येईल याचाही अंदाज आत्ताच घ्या. १२ × २६ सेंमीच्या पंखावर या वाऱ्यात लिफ्ट वीस-पंचवीस ग्रॅम वजनाइतकी येते, ड्रॅग दोन-तीन ग्रॅम. फॅनसमोरच्या गोल्फच्या चेंडूवर तर पाऊण ग्रॅमही नाही. एक-एक ग्रॅमने उडी मारणाऱ्या स्वयंपाकघरी काट्यावर तुम्ही काय वाचणार?

टप्पा ३: सामान

वजनकाटा: सोनारी पद्धतीचा छोटा डिजिटल, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. खर्च इथेच करा, बाकी सगळीकडे कंजूषपणा चालेल.

पंखा: १२ इंची एक्झॉस्ट फॅन, जाळीसकट. मुंबईच्या लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतो. टेबल फॅनवर भागत नाही, त्याला बोगद्यातून हवा ओढायचा दम नसतो.

वेगमापक: हातात धरायचा डिजिटल अ‍ॅनिमोमीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करा, किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन दिवस मागून आणा.

बाकी: किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी, सनबोर्ड, जाड कार्डशीट, एका खिडकीपुरती अ‍ॅक्रिलिक शीट, मच्छरदाणीची जाळी, रुंद पारदर्शक टेप, क्रोशाचा दोरा, कोनमापक, सायकलच्या चाकाच्या दोन तारा.

जुन्या प्रकल्पवह्यांत थर्माकोलचा पंख आणि प्लॅस्टिक स्ट्रॉची जाळी सांगितलेली असते. २०१८च्या राज्याच्या प्लॅस्टिक-थर्माकोल बंदीनंतर आणि २०२२मध्ये देशभर प्लॅस्टिक स्ट्रॉ बंद झाल्यावर त्या यादीमागे धावण्यात अर्थ नाही. कागदी स्ट्रॉ चालतात, पण आपल्या दमट हवेत आठवड्याभरात माना टाकतात.

टप्पा ४: बोगदा, आणि पंख्याची जागा

इथली चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत सार्वत्रिक: पंखा पुढे ठेवून हवा आत फुंकणं. पात्यांतून निघालेली हवा पिळलेली असते. ती सरळ करता करता जीव जातो. पंखा मागच्या टोकाला ठेवा आणि हवा ओढून घ्या.

पुढून मागे क्रम असा:

१. तोंड, ४५ × ४५ सेंमी. कडा बाहेर गोल वळवा. पुठ्ठ्याची धारदार कड ठेवली तर हवा तिथेच फाटते.

२. पुठ्ठ्याची जाळी. ४५ सेंमी लांब, २० सेंमी रुंद अशा २८ पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीत दर ३ सेंमीवर अर्ध्या रुंदीपर्यंत खाच द्या आणि चौदा आडव्या, चौदा उभ्या एकमेकींत अडकवा. जाळीच्या प्रत्येक चौकोनाची पुढून मागे खोली त्याच्या रुंदीच्या सहा ते आठ पट हवी. पोरं दोन सेंमी खोलीची सुंदर जाळी करून आणतात. ती फक्त सुंदर असते.

३. जाळीनंतर चार-पाच सेंमी सोडून मच्छरदाणीचा एक ताणलेला पडदा.

४. निमुळता भाग, ४५ वरून ३० सेंमीपर्यंत, लांबी ३५-४० सेंमी.

५. चाचणीची पेटी, ३० × ३० सेंमी, लांबी ६० सेंमी. एका बाजूला अ‍ॅक्रिलिकची खिडकी, तळाला बोटभर रुंद भोक.

६. पंखा, वेगळ्या स्टुलावर. पेटी आणि पंखा यांच्यामध्ये जाड कापडाची सैल बाही बांधा. पंखा थेट पेटीला ठोकला तर त्याची थरथर काट्यावर येते.

सगळे सांधे टेपने बंद करा. बोगद्यात दाब बाहेरपेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्येक फट बाहेरची हवा आत खेचते.

इशारा: एक्झॉस्ट फॅनला दोन्ही बाजूंना जाळी असल्याशिवाय चालू करू नका. आत हात घालायचा असेल तर स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढा.

टप्पा ५: वेग नऊ ठिकाणी

पेटी रिकामी असताना तीन आडव्या, तीन उभ्या अशा नऊ ठिकाणी वेग मोजा. भिंतीपासून किमान तीन सेंमी दूर राहा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एक कोपरा सतत मंद असेल तर पुठ्ठ्याच्या जाळीत त्या बाजूला पट्टी वाकलेली असते. आधी तिथे बघा.

वेगाबद्दल इतका आग्रह का? बळ वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं. वेगात पाच टक्के चूक म्हणजे बळात दहा टक्के चूक, आणि तुम्ही शोधताय तो फरक कधीकधी तेवढाच असतो.

संध्याकाळी चाळीतले एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, पंखा मंदावतो. दुपारी समुद्राकडचा वारा खिडकीतून शिरतो. मी सकाळी सहा ते आठ ही वेळ धरतो: खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. आमच्या मागून रेल्वे जाते, आणि फास्ट लोकल गेली की काट्यावरचे शेवटचे दोन आकडे नाचतात. गाडी जाईपर्यंत थांबायचं.

टप्पा ६: एकच पंख, तीन वेश

सनबोर्डच्या चार फासळ्या कापा, लांबी १२ सेंमी, जास्तीत जास्त जाडी दीड सेंमी, जाडी पुढच्या तिसऱ्या भागात. वरची बाजू फुगीर, खालची जवळजवळ सपाट, नाक गोल, शेपूट धारदार. एकावर एक ठेवून एकत्र घासा म्हणजे चारही सारख्या होतात. त्यावर कार्डशीट गुंडाळा. पंखाची लांबी २६ सेंमी. मग पूर्ण पंखावर रुंद पारदर्शक टेप, सुरकुती न पाडता. हा तुमचा गुळगुळीत पंख.

तीन पृष्ठभागांसाठी तीन पंख करू नका. हाताने केलेले दोन पंख कधीच सारखे नसतात, आणि मग फरक पृष्ठभागाचा की नाकाच्या गोलाईचा हे देवालाही सांगता येणार नाही. टेपचा थर त्यासाठीच आहे. दोरा आणि वाळू त्यावर चिकटतात आणि निघतातही.

सपाट पुठ्ठ्याचा पंखही नको. त्याच्या धारदार पुढच्या कडेवरच हवा सुटते. मागे दोरा लावून उपयोग नाही.

टप्पा ७: लिफ्ट, पंख उलटा ठेवून

काटा बोगद्याखाली, तळाच्या भोकाच्या बरोबर खाली. त्यावर एक तार उभी, तारेच्या टोकाला पंख. भोकाला तार शिवता कामा नये. काट्याभोवती खोकं उलटं घाला, नाहीतर भोकातून वर शिरणारी हवा पारडं हलवते.

पंख उलटा बसवा, फुगीर बाजू खाली. मग लिफ्ट खाली दाबते, काट्याचा आकडा वाढतो आणि तार डगमगत नाही. उलट्या पंखाला वाऱ्याच्या दिशेशी कोन देताना नाक खाली जातं, वर नाही. इथे निम्मे लोक फसतात.

तपासणी: वारा बंद असताना वीसेक ग्रॅमचं काहीतरी पारड्याच्या पुढच्या कडेला ठेवा, मग मागच्या. आकडा ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त बदलला तर काटा बदला. वाऱ्यात पंख पारडं मागे झुकवतो आणि असा काटा त्यालाच लिफ्ट समजतो.

काटा शून्यावर आणा, पंखा सुरू करा, अर्धा मिनिट थांबा, दहा सेकंदांच्या अंतराने पाच आकडे लिहा. पंखा बंद केल्यावर आकडा शून्यावर परतला का पाहा. परतला नाही तर ती पाचही वाचनं फुकट. कोन ०, ४, ८, १२ अंश. शेवटी पंख काढून नुसत्या तारेचं वाचन घ्या आणि वजा करा.

टप्पा ८: ड्रॅग, पंख उभा करून

ड्रॅगसाठी काटकोनी तरफ लागते: एक तार उभी, एक आडवी, सांध्याला आडवी सुई, ती दोन खाचांत टेकलेली. उभ्या हातावर पंख, आडव्या हाताचं टोक पारड्यावर. वाऱ्याने पंख मागे ढकलला की आडवं टोक पारडं दाबतं. उभा हात ३० सेंमी आणि आडवा १५ सेंमी ठेवला तर बळ दुप्पट दिसतं. दोन ग्रॅमच्या ड्रॅगसाठी ही दुप्पट मोलाची.

आता सापळा. पंख आडवाच ठेवला तर लिफ्ट २५ ग्रॅम आणि ड्रॅग दोन. लिफ्टची रेषा सुईपासून एक सेंटिमीटर जरी पुढे-मागे गेली तरी तिचा पीळ ड्रॅगच्या जवळपास निम्मा होतो. कोन बदलला की ती रेषा सरकतेच. मी स्वतः एक अख्खा रविवार असे आकडे घेतले आणि संध्याकाळी वही बंद करून ठेवली.

उपाय सोपा आहे. ड्रॅग मोजताना पंख दरवाज्यासारखा उभा करा. मग लिफ्ट बाजूला, सुईच्या दिशेने ढकलते आणि तरफेला फिरवू शकत नाही. खाचा मात्र खोल हव्यात, नाहीतर सुई बाजूला सरकेल.

तपासणी: पंखाच्या मध्याला दोरा बांधून तो कप्पीवरून नेऊन पाच ग्रॅम टांगा. पारड्यावर दहाच्या जवळ आकडा आला पाहिजे. जो येईल तोच तुमचा गुणक, कागदावरचा दोन नव्हे. नुसत्या तारेचा ड्रॅग इथेही वजा करा. तो पंखाच्या निम्म्याइतका निघाला तरी दचकू नका.

टप्पा ९: पृष्ठभाग बदलण्याचा क्रम

क्रम असा: गुळगुळीत, दोरा, वाळू, आणि पुन्हा गुळगुळीत. शेवटचं वाचन पहिल्याशी जुळलं तरच मधल्या दोघांवर विश्वास ठेवा.

दोरा: क्रोशाचा, एक मिलिमीटरच्या आसपास जाड, फुगीर बाजूला, नाकापासून एक सेंमीवर, पूर्ण लांबीभर. मागे मध्यावर लावलेला दोरा बहुधा वाया जातो, कारण थर त्याआधीच सुटलेला असतो. तीन मिलिमीटरची सुतळी लावली तर ती थर ढवळत नाही, बांध घालते. लिफ्ट पडते आणि पोरं लिहितात, 'खडबडीतपणा वाईट'.

वाळू: चहाच्या गाळणीतून चाळलेली, दुहेरी चिकटपट्टीवर, नाकावर आणि पुढच्या दोन सेंमीत. रव्याचा मोह टाळा. तो दमट हवेत फुगतो आणि रात्री मुंग्या येतात. ८० नंबरचा पॉलिश पेपर या वेगात काहीच फरक दाखवत नाही असं वाटलं तर ते शक्य आहे. त्याचा कण एक पंचमांश मिलिमीटरचा, आणि इथे हवेचा थर त्याला गिळून टाकतो. 'फरक दिसला नाही' हाही निकाल लिहा.

हवा कुठे सुटते ते पाहायला शिवणाचा बारीक दोरा उकलून दोन सेंमीचे तुकडे फुगीर बाजूला चिकटवा. मागे सरळ पडले तर हवा चिकटून आहे, उलटे फडफडले तर सुटली. वजनाची वाचनं घेताना हे तुकडे काढा. तेही खडबडीतपणाच आहेत. उदबत्तीच्या धुरासाठी पंखा मंद करावा लागतो आणि मग रेनॉल्ड्स अंकही घसरतो. तो फोटो ४.५ मीटरच्या आकड्यांशेजारी डकवू नका.

काय दिसावं? लहान कोनांना फरक थोडा, कदाचित दोऱ्यामुळे ड्रॅग किंचित जास्त. कोन वाढला की गुळगुळीत पंखावरचे तुकडे आधी फडफडायला लागतात आणि दोरावाला पंख लिफ्ट थोडी जास्त वेळ टिकवतो. तुमच्या पंखाची गोलाई वेगळी असेल तर चित्रही वेगळं असेल.

टप्पा १०: हिशेब

ग्रॅमचं न्यूटन करा: ग्रॅम × ०.००९८. हवेची घनता १.१६ किलो प्रति घनमीटर धरा. ४.५ मीटरला अर्धा × घनता × वेगाचा वर्ग = ११.७ पास्कल. पंखाचं क्षेत्रफळ ०.०३१२ चौरस मीटर. समजा लिफ्ट २२ ग्रॅम, म्हणजे ०.२१६ न्यूटन. भागिले (११.७ × ०.०३१२) = ०.५९. हा लिफ्टचा गुणांक, म्हणजे वेग आणि क्षेत्रफळ बाजूला काढून तुलना करता येईल असा आकडा. ड्रॅगचाही याच रीतीने. आलेखात प्रत्येक बिंदूला पाच वाचनांचा पसारा दाखवा. दोन पृष्ठभागांचे पसारे एकमेकांवर चढत असतील तर 'फरक आढळला' लिहू नका.

टप्पा ११: प्रदर्शनाच्या टेबलावर

परीक्षक हमखास विचारतात: 'मग विमानाचे पंख खडबडीत का नाही करत?' उत्तर पहिल्याच टप्प्यात आहे. चार मीटर रुंदीचा पंख, ७० मीटर प्रति सेकंद वेग: ४०० × ७० × ६२५, म्हणजे पावणेदोन कोटी. तिथे थर आपोआप ढवळलेला असतो, खडबडीतपणाचा फक्त तोटा होतो. थंड देशांत पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वर पॉलिश पेपरइतकं खरखरीत हिम साचलं तर लिफ्ट ३० टक्क्यांपर्यंत घटते आणि ड्रॅग ४० टक्क्यांपर्यंत वाढतो, म्हणून उड्डाणाआधी ते काढतात. हा गुणाकार परीक्षकासमोर कागदावर करून दाखवा.

सभागृहात पोचल्यावर पहिलं काम: टेबलावरचा छताचा पंखा बंद करायला सांगा. एका वर्षी आमच्या पोरांना नाही म्हणाले, आणि पंख्याखाली काट्याचा आकडा दिवसभर झोके घेत राहिला. तेव्हापासून घरी घेतलेल्या वाचनांची मूळ वही, खाडाखोडीसकट, टेबलावर उघडी ठेवतो. सोबत एक जास्तीचा सेल, टेपचं बंडल आणि काट्यावर घालायचं खोकं.